कातळवीर

पन्नाशी उलटलेला कातळवीर ओळखायला सोपा. त्याला साधी भिंत दिसत नाही, चढाई दिसते. आमचा पुण्याचा कॉलेजमित्र परवा ग्वाल्हेरला, आमच्या दर्पण कॉलनीत रिक्षातून उतरला तेव्हा त्यानं माझ्याआधी घराचं प्लास्टर पाहिलं. "होल्ड झकास आहेत," म्हणाला. हे होल्ड म्हणजे गेल्या पावसाळ्यात उडालेले पोपडे. दारातून बायको म्हणाली, "भावजी, चहा झालाय. इकडून, दारातूनही आत येता येतं."

चहासोबत दिवाणावर प्रदर्शन मांडलं गेलं. हार्नेस, डझनभर कॅराबिनर, चॉकची पिशवी आणि १९९१ सालचा दोर. "नागफणीच्या कड्यावर यानंच वाचवलं मला!" आता तुटणार नाही का, असं बायकोनं विचारताच म्हणाला, "वहिनी, दोर लोणच्यासारखा असतो. मुरतो."

रविवारी पहाटे स्कूटरवरून निघालो. त्याची नजर अर्थातच किल्ल्यावर. संरक्षित स्मारकावर चढाई करता येत नाही, हे मी दोनदा सांगितलं. मग त्यानं स्कूटर थांबवायला लावली आणि ऑगस्ट १७८० सुरू केला. मेजर पॉपहॅमच्या हाताखाली ईस्ट इंडिया कंपनीची फौज, पुढे कॅप्टन ब्रूस आणि वीस शिपाई, पायात कापूस भरलेले लोकरी जोडे, म्हणजे पाय घसरू नये आणि आवाजही होऊ नये. रात्रीत शिड्या-दोर लावून वर. आत शिबंदी कुणाची? शिंद्यांची! "म्हणजे तुमचीच माणसं झोपली," तो माझ्याकडे बोट रोखून म्हणाला. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हे सकाळी सहाला ऐकवणं बरं नव्हे. "लक्षात ठेव, बिलेवर, म्हणजे खाली दोर धरून उभं असताना, डुलकी लागली की ग्वाल्हेर जातं."

तिघरा धरणाच्या बाजूला एक पन्नासेक फुटांचा कडा गाठला. तिथे तासभर त्यानं तोंडानंच चढाई केली. सह्याद्रीचा काळा दगड कसा खानदानी, हा वालुकाश्म कसा हातात भुगा देऊन गोड हसतो, ऊन चुकीच्या बाजूनं कसं येतंय, बूट दीड नंबर लहानच कसे हवेत. बूट चढवताना मात्र त्यानं अशी काही किंकाळी फोडली की दोन शेळ्या पळाल्या.

मग मागच्या पायवाटेनं वर जाऊन त्यानं दोन जागी अँकर लावले, दोर खाली सोडला आणि तोही खाली आला. आणि एकदम गप्प. फिगर ऑफ एटची गाठ बांधली, तिचं प्रत्येक वळण बोटानं चाचपलं, माझ्या कॅराबिनरचा स्क्रू फिरवून पाहिला, मग माझा हार्नेस खेचला. दोर निळाकोरा होता, टोकाला दुकानाची चिठ्ठी.

"आणि तो मुरलेला?"

"वेडा आहेस? नायलॉन नुसतं कपाटात ठेवलं तरी दहा वर्षांत म्हातारं होतं. हा मुलानं घेऊन दिलाय."

"मग लोणचं?"

"ते वहिनींसाठी. गाद्या बांधायला आणलाय तो."

वीसेक फुटांवर त्याचा डावा पाय शिवणयंत्रासारखा थरथरायला लागला. वरून बारीक आवाज आला, "टेन्शन!"

मी खालून जिवाच्या आकांतानं धीर दिला, "घेऊ नकोस! मी आहे!"

"गाढवा, दोर! दोर ताण!"

ताणला. मिनिटभर तो लटकला, दगडाला कपाळ टेकून. मग अवाक्षर न काढता उरलेला कडा चढला. इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्याला सलग सात मिनिटं गप्प बसलेला मी प्रथमच पाहत होतो.

संध्याकाळी कॉलनीत कडा दोनशे फुटांचा झाला. मी हरकत घेतली नाही. माझी डुलकी लागली नव्हती, हेही तो प्रत्येकाला सांगत होता.

जुना दोर तो आमच्याकडेच ठेवून गेला. सध्या गच्चीवर त्याच्यावर चार रजया वाळताहेत, झोल अजून आलेला नाही.