मागच्या बोटीवर

नानांच्या तोंडून 'समुद्र' हा शब्द मी अजून ऐकलेला नाही. पाण्याबद्दल ते तासन् तास बोलतात, पण ते बाथरूममधल्या. शॉवरला जोर किती, गरम यायला किती सेकंद लागतात, बेसिनचं पाणी तुंबतं की जातं. ज्या पाण्यावर ही सगळी व्यवस्था तरंगते आहे, त्याच्याशी नानांचं काही देणंघेणं नाही.

नाना आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त झाले. म्हणजे बँक सुटली, तपासणी सुटली नाही. मुलगा सिंगापूरला, मुलगी न्यू जर्सीत. दोन्हीकडच्या नातवंडांच्या शाळांना सुट्ट्या लागल्या की आजी-आजोबांना कुठल्या तरी बोटीवर चढवायचं, असा त्या घराचा रिवाज पडून गेला आहे. दोन खंडांतल्या बोटी पाहिलेला माणूस आमच्या अख्ख्या विंगेत हा एकच, त्यामुळे लिफ्टमध्ये त्यांना कुणी 'काय नाना, कसं काय?' असं विचारत नाही. विचारणाऱ्याला चौथ्या मजल्यावर उतरायचं असतं आणि तो सातव्यावर सुटतो.

नानांचा एक सिद्धांत आहे, पण तो त्यांना ठाऊक नाही. ज्या बोटीवर आपण आहोत ती रद्दी आणि जिच्यावरून गेल्या खेपेला उतरलो ती उत्तम. बोलण्याची सुरुवात ठरलेली: "मागच्या बोटीवर..." मागच्या बोटीवर लिफ्ट पटकन यायची. मागच्या बोटीवर अंडी समोर उभं राहून करून द्यायचे. मागच्या बोटीवर टॉवेलचा हत्ती करून ठेवायचे, इथे नुसती घडी. आता, ती मागची बोट चालू असताना तिथून त्यांनी मला पाठवलेले मेसेज माझ्या फोनमध्ये अजून आहेत. त्यांतला पहिला असा: 'हत्ती करण्यात वेळ घालवतात, गादीखाली केर तसाच.'

टिपणासाठी एक जुनी डायरी आहे, बँकेची, बाइंडिंग सुटलेली. तिच्यात पट्टीनं आखलेले रकाने. बोटीचं नाव, बांधणीचं साल, टनेज, प्रवासी, आणि मग 'माणशी जागा'. हा शेवटचा आकडा म्हणजे नानांचा जीव की प्राण. "टनेज म्हणजे वजन नव्हे रे," ते मला दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगतात, "ते आकारमान. आतली पोकळी. तिला प्रवाशांनी भागायचं, एका खोलीत दोघं धरून. तीसच्या खाली आलं की धक्काबुक्की. पन्नासच्या वर गेलं की ऐसपैस." मग उदाहरणं. 2024 साली निघालेली 'आयकॉन ऑफ द सीज', जगातली त्या वेळची सर्वांत मोठी, वीस डेक, 2,48,663 टन; पण दोघं-दोघं धरून 5,610 माणसं, म्हणजे चव्वेचाळीस. 'क्वीन मेरी 2' आकारानं तिच्यापुढे लहान, तरी पन्नासच्या वर. "मोठी बोट म्हणजे मोठी जागा, हा अडाण्यांचा समज." पुतणीच्या लग्नात दादरच्या कार्यालयात नाना पहिल्या पंगतीला न बसता दाराशी उभे होते. मला वाटलं पाहुण्यांचं स्वागत करताहेत. हॉलचं क्षेत्रफळ मॅनेजरकडून आधीच काढलं होतं, आता माणसं मोजत होते.

टनेजपेक्षाही नाना रंगतात ते बोटींच्या कुळवृत्तांतात. कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कोस्टा आणि ती तोऱ्यातली क्युनार्ड, ही सगळी एकाच मालकाची घरं. सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी रॉयल कॅरिबियनच्या गोत्रातल्या. "लोक कार्निव्हलला नावं ठेवून प्रिन्सेसवर जातात. पैसे जातात एकाच तिजोरीत!" आणि बोट विकली गेली की तिचं नाव बदलतं, त्यामुळे कुठली कोण हे लक्षात ठेवायला नानाच हवेत. मुंबईहून 2019 साली मोठा गाजावाजा करून जी 'कर्णिका' निघाली, ती 1990ची, माहेरचं नाव 'क्राउन प्रिन्सेस'. मधे जर्मनीत 'आरोझा ब्लू' आणि 'आयडाब्लू', मग इंग्रजांकडे 'ओशन व्हिलेज टू', मग ऑस्ट्रेलियात 'पॅसिफिक ज्युवेल'. आमच्याकडे आली आणि वर्षभरात करोना आला. 2020 संपायच्या आत अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेली. आणि 2021पासून मुंबईहून गोवा-लक्षद्वीप करू लागलेली कॉर्डेलियाची 'एम्प्रेस'? तीही 1990चीच, फ्रान्समध्ये बांधलेली, पाळण्यातलं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. "एकाच सालच्या दोघी," नाना सुस्कारा सोडतात, "एकीचं पत्रे-भंगार झालं, दुसरी अजून संसाराला आहे." स्टार क्रूझची मूळ कंपनी गेंटिंग हाँगकाँग 2022च्या जानेवारीत बुडाली, त्या दिवशी नानांनी दाढी केली नव्हती, असं काकू सांगतात.

गेल्या वर्षी नानांनी आम्हाला बरोबर नेलं. सिंगापूरहून पेनांग, फुकेत आणि परत. बोटीचं नाव सांगत नाही. नानांनी तिच्याबद्दल जे जे म्हटलं त्यातलं निम्मं जरी खरं असलं तरी बिचारीवर अन्याय होईल.

खोलीत शिरल्यावर माणूस आधी पडदा सारतो. नानांनी आधी खिशातून मेजपट्टी काढली. पलंग ते भिंत, कपाटाची खोली, बाथरूमचा उंबरठा. मग पिशवीतून लोहचुंबकाचे आकडे निघाले, आणि त्यांनी ते पटापट भिंतीवर चिकटवले. बोटीच्या खोलीच्या भिंती आतून पत्र्याच्या असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. पाचव्या मिनिटाला एका आकड्यावर पंचा, दुसऱ्यावर काकूंची पिशवी, तिसऱ्यावर टोपी आणि चौथ्यावर नानांचं ओळखपत्र लोंबत होतं. इस्त्री आणायला बंदी, आगीची भीती. किटलीला अमेरिकन बोटींवर बंदी, आशियाई बोटींवर मात्र बहुधा खोलीतच ठेवलेली असते. हा मुद्दा नानांच्या तराजूत फार जड. (इथे मी त्यांच्या पूर्ण बाजूनं आहे. सकाळी सहाला चहासाठी पंधरा मजले चढायला लावणारी श्रीमंती काय कामाची?)

खोली निवडण्यात मात्र नानांचा हात धरणारा नाही, हे कबूल करायला हवं. हलणं सोसत नसेल तर मधली आणि खालच्या डेकची घ्यावी. पोहण्याच्या तलावाच्या थेट खालची कधी घेऊ नये. पहाटे खुर्च्या ओढायला लागतात. नाटकगृहाच्या वरची घेऊ नये. ज्या खोलीच्या वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील तीच शांत. आम्ही नानांचं न ऐकता ट्रॅव्हलवाल्यानं दिली ती घेतली होती, अगदी पुढची. पहिल्याच रात्री बायकोला बोट लागली. नाना समाचाराला आले आणि पलंगाशेजारी बसून, बोटीच्या पोटाला दोन्ही अंगांनी पंख असतात आणि ते डोलणं कसं कमी करतात, हे हातवारे करून समजावू लागले. त्यांचे ते दोन्ही हात वरखाली होताना बघून ती परत बाथरूमकडे पळाली. काकूंनी आलेपाकाची वडी पाठवली, खोलीवरच्या पोरानं हिरवं सफरचंद आणून दिलं, त्यानं उतार पडला.

चेष्टा बाजूला ठेवून नाना एकाच गोष्टीला उभे राहतात: सुटण्याआधीची कवायत. 13 जानेवारी 2012ला इटलीच्या जिल्यो बेटापाशी 'कोस्टा कोंकोर्दिया' खडकावर आपटून कलंडली, बत्तीस माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो जणांची कवायत दुसऱ्या दिवशी व्हायची होती. तेव्हापासून नियम बदलला. बोट सुटायच्या आत कवायत झालीच पाहिजे. आता पुष्कळ बोटींवर फोनवर चित्रफीत बघायची आणि आपल्या जागेवर जाऊन हजेरी लावायची, एवढंच. नाना त्या जागेवर गेले, खोलीपासूनच्या पायऱ्या मोजल्या आणि डायरीत लिहून ठेवल्या. त्या पानावर ताशेरा नव्हता.

बाकी सगळीकडे ताशेरे. जेवायला बसल्यावर शेजारच्या टेबलावरच्या नागपूरच्या जोडप्याला नानांनी दहा मिनिटांत चार कंपन्यांचं डावं-उजवं करून दाखवलं. वायकिंगवर अठराच्या आतली पोरं नाहीत आणि जुगारही नाही. डिस्नेवर पोरंच पोरं, पण जुगार तिथेही नाही. सेलिब्रिटीनं 2008 साली 'सॉल्स्टिस' काढली, तिच्या वरच्या डेकवर खरं गवत लावलं, कापायला माणूस ठेवला. 'क्वीन मेरी 2'वर कुत्र्यांची राहायची सोय, आणि त्यांनी पाय वर करावा म्हणून डेकवर एक ब्रिटिश दिव्याचा खांब आणि एक अमेरिकन फायर हायड्रंट, ज्याचं त्याचं राष्ट्रीयत्व सांभाळून. नागपूरचे गृहस्थ म्हणाले, "आम्ही पहिल्यांदाच आलोय हो. आम्हाला छानच वाटतंय." नानांनी त्यांच्याकडे कीव येऊन पाहिलं. तुलना करायला ज्याच्यापाशी दुसरी बोट नाही, त्याच्या छान वाटण्याला काय अर्थ?

काकूंची गोष्ट वेगळी. त्या मेतकूट-तूप घेऊन चढतात, भारतीय काउंटरवरून गरम भात घेतात आणि काचेपाशी बसतात. मालवणकडच्या. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून 'कोकणसेवक'नं गावी गेलेल्या. डेकवर वळकटी, फराळाचा डबा घरचा, आणि बंदर आलं की भर पाण्यात बोटीतून पडावात उतरायचं. नानांनी डायरीत तिचाही रकाना काढला आहे. जेवण: स्वतःचं. करमणूक: भजन. चढ-उतार: धोक्याची. माणशी जागा: काढणे अशक्य. शेरा: वेळेवर.

तिसऱ्या दिवशी नानांना घबाड सापडलं. आमच्या मजल्याच्या खोल्या आवरणारा पोरगा सासष्टीचा निघाला. गोव्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या बोटीवर. ह्याचा बापही स्ट्यूअर्ड होता. काकू मालवणीत सुरू झाल्या, तो कोकणीत, आणि दोघं मजेत गप्पा मारू लागले. तीन कंपन्यांत काम केलंय म्हटल्यावर नाना डायरी घेऊन पुढे सरसावले. आतली बातमी! "तुझ्या मते सगळ्यात चांगली लाइन कुठली?"

पोरगा उशीला अभ्रा घालता घालता थांबला. थोडा विचार करून म्हणाला, "दुसरी."

"का?"

"मेसमध्ये रोज मासळी-भात असायचा. आणि घरी फोन करायचं नेट स्वस्त होतं."

"आणि बोट कशी होती?"

"बोट?" त्याला प्रश्नच नीट कळला नाही. "वर जायला मिळायचं नाही ना. केबिन पाण्याच्या खालच्या डेकवर, दोघांत एक. तिथे करार सहा महिन्यांचा, इथे आठ." आणि दुसऱ्या खोलीची घंटी वाजली म्हणून तो गेला.

नाना बराच वेळ डायरी मांडीवर घेऊन बसले. पानाच्या उजव्या कडेला बोटभर जागा उरली होती. तिथे पट्टी लावून त्यांनी एक रकाना आखला, वर लिहिलं 'मासळी', आणि आतापर्यंतच्या सगळ्या बोटींपुढे त्यात प्रश्नचिन्हं घातली. निघताना पाकिटातून वेगळे काही पैसेही त्याच्या हातावर ठेवले. रोजची माणशी टिप बिलात आधीच लावलेली असते, ती का लावतात ह्यावर ज्यांनी मला सिंगापूरच्या विमानात पाऊण तास दिला होता, त्या नानांनी.

शेवटच्या दिवशी बोटीवर एक काउंटर उघडं असतं, पुढच्या सफरीचं आरक्षण करायला. आता पैसे भरा, काही डॉलर सवलत मिळवा. नाना रांगेत उभे होतेच. नंबर आल्यावर त्यांनी डायरी उघडून काउंटरवरच्या फिलिपिनो मुलीला पहिल्या रकान्यापासून सुरुवात केली. मागे रांग लांबत गेली. मुलगी हसत होती, मान डोलावत होती. हे सगळं पूर्वी कुणाकुणाकडून ऐकल्यासारखी. दहाएक मिनिटांनी काकू पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "हीच बोट. सेम रूम."

"अगं, पण का?" नाना थक्क.

"बाल्कनीत ऊन छान येतं. परकर तासाभरात वाळतो."

बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत अशी पाटी तिथेच आतून लावलेली होती. नानांनी तिकडे दुर्लक्ष केलं, कारण त्यांना मुद्दा पटला होता. असा मुद्दा इतक्या वर्षांत आपल्या डोक्यात आला नाही, ह्याचंच त्यांना वाईट वाटत असावं. ते पुन्हा मुलीकडे वळले.

"वर पेनांगकडे जाताना दुपारचं ऊन डाव्या बाजूला येतं. परतताना ते उजव्या बाजूला जाणार. बरोबर?"

मुलगी म्हणाली, बरोबर असेल.

"मग जाताना डावीकडची खोली आणि येताना उजवीकडची, असं बुकिंग मिळेल का?"

मुलीनं फोन उचलला आणि मॅनेजरला खाली बोलावलं.