दहाव्याच्या आधी

मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने काय काय करावं, याची पक्की कल्पना धडधाकट माणसांनाच असते. २००७ सालच्या ‘द बकेट लिस्ट’ या सिनेमात जॅक निकल्सन आणि मॉर्गन फ्रीमन हे कॅन्सरचे दोन रुग्ण यादी करून निघतात. विमानातून उडी मारतात, पिरॅमिड बघतात, चीनच्या भिंतीवर मोटारसायकल चालवतात. दोघांपैकी एक अब्जाधीश आहे, हे प्रेक्षक घरी पोचेपर्यंत विसरतो.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या तीन हजारांवर लोकांना अशा याद्यांबद्दल विचारलं होतं. २०१८ साली छापलेल्या त्या पाहणीत ९१ टक्के लोकांची यादी तयार निघाली. सगळ्यात वर प्रवास. घरच्यांसोबत वेळ घालवणं बरंच खाली, १७ टक्क्यांच्या आसपास. पण त्यांनी डॉक्टरांना दिलेला सल्ला मोलाचा आहे: रुग्णाला त्याची यादी विचारा, म्हणजे उपचार त्याच्या आयुष्याला धरून ठरवता येतील. नातीचं लग्न पुढच्या महिन्यात असेल, तर अंगातलं त्राण काढून घेणारी केमो आधी द्यायची की नंतर, हे त्याशिवाय कसं कळणार?

आपल्याकडे ही चौकशी होत नाही असं नाही. जरा उशिरा होते. माणूस अंथरुणावर आहे तोवर शेवटच्या इच्छेचं नाव काढणं अभद्र. ‘काही होत नाही तुम्हाला, दिवाळीपर्यंत खडखडीत बरे व्हाल,’ असं म्हणत रिपोर्ट कपाटात चादरींखाली जातो. दहाव्या दिवशी मात्र सगळं गणगोत घाटावर हात जोडून उभं. पिंडाला कावळा शिवेना, की एकेक जण पुढे होऊन अंदाज बांधतो: धाकटीचं लग्न थाटात करू, बांधाचा वाद मिटवू, काकूंना अंतर देणार नाही. कुणीतरी हळूच सुचवतं, ‘तंबाखूची पुडी ठेवून बघा.’ शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करून विषय संपवतात. माणसाने सहज सांगितलं असतं ते कावळ्याला विचारायचं, तेही भर उन्हात!

हल्ली काही घरांत आधी विचारतात, पण उत्तरही स्वतःच देतात. ‘बाबांना एकदा काशी दाखवायचीच’ असं मुलं ठरवतात आणि बाबा ऑक्सिजनच्या सिलिंडरसह काशीला निघतात. बाबांना हवी असते जिलबी. ती मात्र मिळत नाही, कारण शुगर वाढेल.

शिवाय दुखणं थांबल्याखेरीज इच्छा सुचतच नाहीत. कळा सोसणाऱ्याची यादी एका ओळीची असते: हे थांबवा. म्हणून वेदनाशमन आधी, यादी नंतर. भारतातलं पहिलं हॉस्पिस, मुंबईचं शांती अवेदना, १९८६ साली सुरू झालं. २०१४ साली कायदा बदलून मॉर्फिन मिळण्यातल्या अडचणीही कमी केल्या गेल्या. तरी घरोघरी ‘मॉर्फिन म्हणजे आता संपलंच’ हा समज कायम आहे.

तेव्हा यादीचा उपयोग होतो, पण ती ज्याची त्याने सांगितलेली असेल तर. ती दोनच ओळींची असू शकते, उद्या बदलू शकते, कोरीही राहू शकते. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर आज संध्याकाळी जवळ बसा आणि विचारा, ‘काय करावंसं वाटतं?’ उत्तर ‘काही नको, नुसता बस’ असं आलं, तर नुसते बसा.