आठ तटस्थांची कैफियत

मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा 10 डिसेंबर 1948 रोजी पॅरिस मुक्कामी संमत झाला, तेव्हा अनुकूल 48 मते पडली, प्रतिकूल एकही पडले नाही, आणि आठ राष्ट्रे तटस्थ राहिली. सुसंस्कृत जगाने तेव्हापासून या आठांना लावलेला बोल एकतर्फी निकालासारखा असल्यामुळे त्यांची कैफियतही दप्तरी दाखल व्हावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

सोव्हिएत रशिया व त्याच्या गोतावळ्यातील पाच राष्ट्रे (पैकी युगोस्लाव्हियाचे त्याच वर्षी मॉस्कोशी बिनसले होते, पण मौनापुरते गोत्र टिकले), सौदी अरेबिया आणि दक्षिण आफ्रिका हे ते आठ. दक्षिण आफ्रिकेत त्याच वर्षीच्या मे महिन्यातील निवडणुकीनंतर डॉ. मलान यांचा पक्ष वर्णविभक्तीचे आश्वासन देऊन अधिकारारूढ झाला होता. मनुष्यमात्र जन्मतः समान असल्याचे सांगणारे पहिले कलम वाचून त्या सरकारने हात आखडता घेतला, यावरून त्याने कागद निदान वाचला होता, एवढे तरी सिद्ध होते. रोख्यावर न वाचता अंगठा उठवणारे कूळ सावकारास नेहमीच अधिक सज्जन वाटत आले आहे.

अशा सज्जनांत हॉलंडची गणना प्रथम केली पाहिजे. अनुकूल मत दिल्यानंतर नऊच दिवसांनी, 19 डिसेंबर रोजी, त्या राष्ट्राच्या फौजेने इंडोनेशियन प्रजासत्ताकाची राजधानी योग्यकर्ता हस्तगत करून सुकार्नो व हट्टा यांना कैद केले, आणि या युद्धास पोलिसी कारवाई असे सौम्य नाव दिले. (पोलिसी कारवाईशी आपलाही त्याच सप्टेंबरात हैदराबादेत परिचय झाला होता, पण तो विषय आज नको.) इंग्लंड, फ्रान्स व बेल्जियम यांनीही, अफाट वसाहती पदरी असताना, निःशंक चित्ताने हात वर केले, आणि शंका यावी तरी कशाला? जाहीरनामा कायद्याने कोणासही बंधनकारक नव्हता, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाने तर 1947 सालीच असा निर्वाळा देऊन ठेवला होता की, हक्कभंगाच्या तक्रारींवर कोणतीही कारवाई करण्याचा अधिकार आपणांस नाही. फिर्यादी यावयाच्या, त्यांची गोपनीय यादी व्हावयाची, यादी सभासदांपुढे जावयाची, आणि न्यायबुद्धीचे समाधान व्हावयाचे!

दूरच्या अन्यायाचा निवाडा करण्याचा हक्क त्या 30 कलमांत कोठेही नमूद नाही. तथापि सर्वांत निर्वेध वहिवाट त्याच हक्काची चालू आहे, आणि त्या वहिवाटीत आम्ही भारतीय कोणास हार जाणारे नव्हेत. जाहीरनाम्याचे नववे कलम मनमानी अटकेस मज्जाव करते. आमच्या घटनाकारांनी मूलभूत हक्कांच्या भागातच, 22 व्या कलमात, चौकशीवाचून स्थानबद्ध करण्याची सोय करून हक्क आणि बेडी एकाच छत्राखाली नांदवली. 26 जानेवारी 1950 रोजी घटना अमलात आली आणि पुढच्याच महिन्यात प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदाही आला. कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांनी स्थानबद्धतेतून त्यास आव्हान दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने एक कलम तेवढे रद्दबातल करून उरलेला कायदा वैध ठरवला आणि त्यांचा अर्ज फेटाळला.

भारताचे मत अर्थातच अनुकूल 48 मध्ये होते.