गावाला मिळालेला खोका

महाराष्ट्रात खोका म्हटलं की लोक कान टवकारतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. हा खोका पत्र्याचा आहे, एकच आहे आणि तो कुणा आमदाराला नाही, ग्रामपंचायतीला मिळालाय. नांदेड-लातूरकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीत गेलात तर भिंतीवर, तसबिरींच्या रांगेखाली दिसेल. आत ऑप्टिकल फायबरची तार येऊन थांबलेली, शेजारी बॅटरी, वर स्टिकर. लाइट असली की हिरवा दिवा लागतो. नेट येतंच असं नाही. कुलपाची किल्ली ग्रामसेवकाकडे आणि ग्रामसेवकाकडे गावं दोन-तीन. (२०२४पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. किल्ली तीच.)

योजना जुनी आहे. २५ ऑक्टोबर २०११ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ती मंजूर केली. अडीच लाख ग्रामपंचायती, प्रत्येकीला १०० एमबीपीएस, मुदत दोन वर्षं. तेव्हा नाव होतं नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क. २०१५मध्ये त्याचं भारतनेट झालं, महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याला महानेट म्हणू लागले. योजनेसाठी काढलेली बीबीएनएल ही कंपनी २०२२मध्ये बीएसएनएलमध्ये विलीन करायचं ठरलं. ज्या निधीतून पैसा येतो तोही २०२४मध्ये डिजिटल भारत निधी झाला. औरंगाबाद आणि उस्मानाबाद बदलून बसलेल्या मराठवाड्याला बारशांचं अप्रूप नाही, पण १०० एमबीपीएस वेग या योजनेत कुठं दिसला असेल तर तो नावं बदलण्यात.

मधे १५ ऑगस्ट २०२०ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितलं की हजार दिवसांत देशातल्या सहा लाख गावांत फायबर पोचेल. हजार दिवस मे २०२३मध्ये भरले. ऑगस्टमध्ये १,३९,५७९ कोटींचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. मुदत संपली की रक्कम वाढते, हा नियम कर्जदार शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. इथं फक्त वसुलीला कुणी येत नाही.

सुधारणा काय, तर तार आता वर्तुळात टाकायची. आधीच्या आखणीत तालुक्याहून निघालेली तार एका गावातून पुढच्या गावात, अशी ओळीनं जायची. मधे कुठं तुटली की पुढची सगळी गावं गुल. वर्तुळात दोन्ही बाजूंनी नेट येईल. छान. सुचायला बारा वर्षं लागली, पण छान. आणि तार तोडतं कोण? तुळजापूर-नागपूर महामार्गाचं चौपदरीकरण, जलजीवनची पाइपलाइन, गटार. म्हणजे सरकारच्या एका हातानं पुरलेलं दुसऱ्या हातानं उकरायचं. त्यावर उपाय म्हणून मार्च २०२३मध्ये एक अ‍ॅप आलं. खोदण्याआधी ठेकेदारानं त्यावर कळवायचं, मग खाली कुणाची तार आहे ते समजतं. जेसीबीवाल्यानं शिवारात उभं राहून हे कळवायचं तर त्याला रेंज लागणार. ती खाली, त्याच्या बकेटच्या टप्प्यात आहे.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण सरकारनं नेट पोचायच्या आत आपलं ऑफिस नेटवर हलवलं. सोयाबीनचंच बघा. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या भावानं विकायचं तर नोंदणी हवी, नोंदणीला सातबाऱ्यावर ई-पीक पाहणी हवी, ई-पीक पाहणीला वावरात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो हवा. फोटो आत्ता घ्या, रेंज आल्यावर पाठवा, अशी सोय आहे. ती वापरून मंडळी संध्याकाळी चढावर, नाहीतर फाट्यावर हात वर करून उभी राहतात. "येऊलालंय का?" "एक काडी येऊलालीय, हालू नको." शेवटच्या दिवसांत सगळा महाराष्ट्रच अपलोड करायला बसतो आणि ते गोल चक्र फिरत राहतं. २०२५च्या पावसाळ्यात मुखेड-उदगीरकडं कित्येकांचं पीक पाण्याखाली होतं. फोटो कशाचा काढायचा, हाच प्रश्न होता.

पाहणी राहिली की माल अडत्याकडे. तिथं ओटीपी लागत नाही. पोतं उतरलं, काटा झाला, भाव सांगितला, संपलं. तो भाव आणि हमीभाव यांतला फरक हा रेंजचा दर समजावा. मोबाइल कंपनीच्या रिचार्जपेक्षा तो बराच महाग पडतो आणि त्याची पावती मिळत नाही.

आता गंमत बघा. ज्या गावात घराघरांत नेट चालतं, तिथं बहुतेक वेळा ते केबलवाल्या पोरानं विजेच्या खांबावरून ओढून आणलेलं असतं. वारा सुटला की तार लोंबते, पण पोरगं शिडी घेऊन हजर. कारण बंद घराचे पैसे मिळत नाहीत. पत्र्याच्या खोक्याचं उलट आहे. तार टाकली, खोका ठोकला, फोटो काढला की पंचायत 'सेवेसाठी सज्ज' म्हणून यादीत जाते. नंतर महिनाभर दिवा लागला नाही तरी तिचं यादीतलं नाव पुसलं जात नाही. सुधारित कार्यक्रमात दहा वर्षांची देखभाल धरली आहे. म्हणजे एवढी वर्षं देखभाल कुणाच्या भरवशावर होती, ते कळलं.

या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव आणि अशोक चव्हाण नांदेडचे, निलंगेकर आणि विलासराव लातूरचे. दिल्लीशी आमचा संपर्क कधी तुटला नाही, तुटतो तो तालुक्याशी. धर्माबाद-बिलोलीच्या सीमेवर तर तेलंगणाचा टॉवर मोबाइल अलगद ओढून नेतो. त्या भागातल्या गावांनी २०२२मध्ये आम्हालाही घ्या म्हणून मागणी केली होती. मोबाइल आधीच गेला होता.

नोव्हेंबर २०२५मध्ये राज्य सरकारनं स्टारलिंकशी इरादापत्र केलं. उपग्रहातून नेट, सुरुवात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिवपासून. लातूरच्या पश्चिमेला धाराशिव, नांदेडच्या उत्तरेला हिंगोली ओलांडलं की वाशिम. लातूरला २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हा आमची रेल्वेलाही ना नाही. फक्त तोवर एक करा. ई-पीक पाहणीची मुदत वाढवल्याचं वेबसाइटवर टाकू नका. कोतवालाला दवंडी द्यायला सांगा. त्याचा आवाज गावकुसापर्यंत जातो.