एररभाऊ

बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा, आणि प्रत्येक तालुक्यात निदान एक तरी एररभाऊ असणारच असा माझा कयास आहे. मला जवळून ठाऊक आहेत ते खामगावचे. धंदा सरकी-ढेपेचा, वडिलोपार्जित. गादीवर तक्क्याला टेकून बसायचं, फोनवर भाव घ्यायचा, भाव द्यायचा आणि मधल्या वेळात सोर्स कोडपासून टेक्स्ट एडिटर बांधायचा. मधला वेळ म्हणजे सकाळी दहा ते रात्री आठ.

एडिटर तयार मिळतो, फुकट मिळतो, एक कमांड दिली की दोन मिनिटांत मशीनवर येऊन बसतो, हे त्यांना सांगायला गेलेला माणूस चहा पिऊन गुपचूप परत येतो. "तयार भेटते ना बाप्पा, नायी कोन म्हन्ते? पन तो कोनी बांधला, कोन्या फ्लॅगनं बांधला, तुले माहीत हाये?" आपल्याला माहीत नसतं. आपल्याला फक्त उधारीची यादी लिहायची असते.

या व्याधीचं मूळ शेगावात आहे. १९८३ साली तिथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं आणि घाटाखालच्या पोरांना इंजिनिअर व्हायला नागपूर-पुणं गाठायची गरज उरली नाही. नव्वदच्या दशकात भाऊही शिकले. तेव्हा देशभर टर्बो सी चालायचं: डॉस, निळा पडदा, पिवळी अक्षरं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून भाऊंनी टेक्स्ट एडिटर लिहिला. काळ्या रेक्झिनच्या बांधणीवर सोनेरी अक्षरांत नाव घातलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बांधणी उलटसुलट करून पाहिली, छान आहे म्हणाले. एडिटर उघडायची वेळ आली तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. तो एडिटर आजवर कोणी तपासलेला नाही, आणि भाऊंना तेच खुपतं.

पुढे घरात लिनक्स आलं. भाऊंनी मोठ्या हौसेने जुन्या फ्लॉपीतला प्रोजेक्ट काढून कंपाइल केला. पहिल्याच ओळीला कंपायलर अडला: कॉनिओ डॉट एच नावाची फाइल सापडत नाही. सापडणार कशी? ती टर्बो सी काढणाऱ्या बोर्लंडच्या घरची, लिनक्सच्या गावात तिला कोणी ओळखत नाही. मग क्लिअरस्क्रीन गेलं, गेटच गेलं, 'फार' पॉइंटर गेले. एकेक काढत, त्या जागी एनकर्सेस नावाची लायब्ररी बसवत भाऊंनी शेवटी एकही एरर न येता प्रोग्रॅम बांधला, देवाला नारळ फोडला आणि एंटर दाबलं. सेगमेंटेशन फॉल्ट.

याचं कारण ते आजही कोणीही न विचारता सांगतात. डॉसमध्ये पडद्यावरची अक्षरं मेमरीत बी८०० या पत्त्यापासून राहायची. कोणताही प्रोग्रॅम उठायचा आणि थेट तिथे लिहून यायचा. विचारणारं कोणी नव्हतं. लिनक्स प्रत्येक प्रोग्रॅमला त्याची स्वतःची हद्द आखून देतं आणि हद्दीबाहेर बोट घातलं की प्रोग्रॅमच मारून टाकतं. भाऊंच्या एडिटरमधली एक ओळ तेवढी अजून जुन्या पत्त्यावर लिहायला जात होती. ती त्यांनी शोधली. तोवर त्यांना एडिटरपेक्षा एररची गोडी लागून गेली होती, आणि ती काही सुटली नाही.

स्वतःचा एडिटर मार्गी लागल्यावर ते दुसऱ्यांच्या एडिटरांकडे वळले. व्हिम झालं. मग रिचर्ड स्टॉलमनचं, १९८५ पासून चालत आलेलं ईमॅक्स. यात गावाशी थोडी भाषेची अडचण होते. भाऊंचा कंपायलर जीसीसी. खामगावात जीसीसी म्हणजे सरकारी टायपिंगची परीक्षा. दुकानात आलेल्या पोराला ते विचारतात, "तुह्याकडं कोनतं जीसीसी हाये?" पोरगं छाती काढून सांगतं, "मराठी चाळीस!" भाऊ गंभीर होतात. त्यांच्या माहितीत जीसीसीची गाडी अजून पंधराच्या आसपास आहे.

बांधकामाआधी 'कॉन्फिगर' चालवावं लागतं. ते मशीनभर फिरून एकेक वस्तू आहे का बघतं आणि पडद्यावर हो-नाही, हो-नाही अशा ओळी सोडत जातं. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात आणि पहाटे कोणतं धान्य कुठे सरकलं ते पाहून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. भाऊ कॉन्फिगरच्या ओळी त्याच चेहऱ्याने वाचतात. एनकर्सेस आहे म्हणून आपण निर्धास्त, तर कॉन्फिगर म्हणतं, नाही. लायब्ररी असते, पण तिच्यावर दुसरं काही बांधायचं तर लागणाऱ्या हेडर फायली 'डेव्ह' नावाच्या वेगळ्या पाकिटात असतात. निम्म्या जगाचं घोडं इथेच अडतं.

कॉन्फिगरनंतर येतं मेक, म्हणजे मेकफाइल वाचून प्रत्यक्ष बांधकाम करणारा प्रोग्रॅम. मेकफाइलचं दुखणं आणखी जुनं. त्यात कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो. आठ स्पेस दिल्या तर डोळ्याला फरक दिसत नाही, पण मेक 'मिसिंग सेपरेटर' म्हणून हात वर करतं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं. टॅबचा जाच त्यांच्याही लवकरच ध्यानात आला होता. पण तोवर दहा-बारा जण, बहुतेक मित्रच, ते वापरू लागले होते. त्यांची गैरसोय नको म्हणून नियम तसाच ठेवला. त्या दहा-बारा मित्रांपायी अख्खी दुनिया टॅब मोजते आहे. भाऊंना हे फार पटतं. मित्रांसाठी माणसानं एवढं करावंच, असं ते म्हणतात.

त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात नामांकित एरर मात्र वेगळाच. मेक म्हणू लागलं की फायली भविष्यकाळातल्या आहेत, घड्याळात घोळ आहे, बांधकाम अर्धवट राहू शकतं. मेकचं सगळं गणित वेळेवर चालतं: सोर्स नंतरचा आणि त्यापासून बनलेली फाइल आधीची, तरच ते पुन्हा कंपाइल करणार. भाऊंनी कंपायलर बदलला, डिस्क तपासली, सोर्स नव्याने उतरवला. दोन रात्री जागले. शेवटी उलगडा झाला तो असा, की मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल मेला होता. दर वेळी लाइट गेली की मशीनचं घड्याळ कारखान्यात भरलेल्या सालावर, २००९ वर जाऊन बसायचं. स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याने सीआर-२०३२ सेल काढून दिला आणि मेक शांत झालं. ढेपेच्या पावत्यांवर २००९ साल छापलं जातंय, हे मुनीमजींनी आठवडाभर आधीच सांगितलं होतं. पण मुनीमजींचं बोलणं पडद्यावर लाल अक्षरांत येत नाही.

हसण्यावारी न्यायची नाही अशीही एक गोष्ट आहे. कॉलेजची पोरं त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन येतात. दोनशे ओळींचे एरर पडलेले असतात आणि पोरगं शेवटच्या ओळीकडे बघत बसलेलं असतं. भाऊ काही न बोलता वर वर जातात, पहिल्या एररवर बोट ठेवतात. स्क्रीनवर ढेपेचा पिवळट ठसा उमटतो. तिथे बहुतेक वेळा एक सेमीकोलन राहिलेला असतो. बाकीच्या एकशे नव्व्याण्णव ओळी त्याच्यामागून ओढत आलेल्या असतात. "वाच," म्हणतात, "ते काय म्हन्ते ते आधी वाच. आपन वाचतच नायी ना बाप्पा." मी मोठ्या कंपन्यांत काम करणारी माणसं पाहिली आहेत. एररची ओळ इतक्या आदराने वाचणारा दुसरा माणूस पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी भाच्याला चिखलीच्या तहसील कार्यालयात अर्ज द्यायचा होता. तो म्हणाला, मामा, एवढा टाइप करून द्या. भाऊंनी नुकत्याच बांधलेल्या ईमॅक्समध्ये पहिली ओळ लिहिली. गावाचं नाव उमटलं ते 'चखिली'. देवनागरीत आपण आधी च देतो, मग ऱ्हस्व वेलांटी. मशीनही त्याच क्रमाने साठवतं. पण दाखवताना वेलांटी च च्या डावीकडे आणायची असते, आणि ते काम करणारी हार्फबझ ही लायब्ररी भाऊंच्या बांधकामात नव्हती. ईमॅक्सने २०२० साली सत्ताविसाव्या आवृत्तीत तिला मुख्य जागा दिली. पण तिचं डेव्ह पाकीट मशीनवर नसेल तर कॉन्फिगर नुसतं 'नो' छापतं आणि पुढे सरकतं. बांधकाम काही थांबत नाही. ती एक ओळ तेवढी भाऊंच्या नजरेतून सुटली होती. ते उठले, पाकीट आणलं, सगळं पुसलं, पुन्हा मेक. अर्ध्यावर लाइट गेली. आली. पुन्हा मेक.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर 'चिखली' स्वच्छ उमटलं. भाऊंनी वहिनींना स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे तं पाटीवर बी असंच लिवलं राह्यते." भाच्याने अर्ज पहिल्याच दिवशी पेनाने लिहून दिला होता आणि त्याची पोच त्याच्या खिशात होती.

तुमचंही काही अडलं असेल तर खामगावला अवश्य या. सकाळी दहानंतर या, जेवून या, आणि फोटो काढाल तो पहिल्या एररचा काढा, शेवटच्या नव्हे. तयार पाकीट टाकून काम भागलं असेल तर मात्र भाऊंकडे तो विषयच काढू नका.