सॅनिटायझरच्या बाटलीतलं टोरीचं तेल

आमच्या आणि शेजारच्या मावशीच्या सांदवाडीच्या, म्हणजे परसाच्या, मध्ये बांबूची कुपाटी आहे. कमरेएवढी, जुनी, आता पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, वेलानंच धरून ठेवलेली. या कुपाटीवरून आजवर सांबार म्हणजे कोथिंबीर, वाटीभर ताक, मुनग्याच्या शेंगा, दोन सोयरिकी आणि एका काडीमोडाचा सगळा तपशील इकडून तिकडे गेलेला आहे. काल सकाळी एक बाटली आली.

"गुडघ्याले लावा जी बाई. टोरीचा तेल आहे. माह्या भावानं कुरखेड्याहून धाडला."

टोरी म्हणजे मोहाची बी. थंडीनं तेल थिजून घट्ट झालं होतं. बाटली उन्हात धरली आणि हसूच आलं. सॅनिटायझरची बाटली! कंपनीचं नाव घासून गेलेलं, पण '99.9 टक्के जंतू मारते' ही अक्षरं शाबूत.

"मावशी, ही अजून ठेवली तुम्ही?"

"मंग! फेकाची कायले? नव्वद रुपये मोजले होते तवा, एवढ्याशा बाटलीचे."

मार्च 2020 मध्ये, कोरोना आला तेव्हा, सरकारनं 200 मिलिलिटरच्या बाटलीला 100 रुपयांहून जास्त घेऊ नका असं बांधून दिलं होतं. ही 100 मिलिलिटरची. म्हणजे कोणीतरी मावशीला सरळ चाळीस रुपयांना बुडवलं. मी मास्तरकीच्या सवयीनं हिशेब मांडला.

"तवा कोन हिशेब करत होता जी? भेटली तेच बहुत. अन् मी चुलीजवर बसून हाताले चोपडत होती. नातवानं बोंब मारली, आजी, जरशीन म्हने!"

झालं. मावशीनं टोपली खाली ठेवली, कुपाटीला कोपर टेकलं. कोपर टेकलं की अर्धा तास गेला समजायचं.

22 मार्चचा, जनता कर्फ्यूचा तो रविवार. संध्याकाळी सगळ्या वॉर्डानं थाळ्या बडवल्या, मावशीनं तर पितळी परात आणली होती. त्याच दिवसापासून गाड्या थांबल्या. वडसा म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचं एकुलतं एक स्टेशन. फलाटावर वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज. स्टेशनाकडच्या आमच्या घरांमध्ये भात घड्याळावर शिजत नाही, गोंदिया-बल्लारशा पॅसेंजरच्या शिटीवर शिजतो. ती शिटी बंद पडली आणि पहिले आठ दिवस माझा भात रोज करपला. रात्री मालगाड्या तेवढ्या जायच्या. तीन दिवसांनी पाडवा, पण तो कोणाच्या लक्षात राहिला नाही.

"आमचा बुढा रात्री उठून आयकत बसे," मावशी म्हणाली. "म्हने, माल चालला पाहाय, मानूस नाही."

बुढा म्हणजे मावशीचे यजमान, आमचे काका. ते राइस मिलमध्ये हमाल. आमच्या गावात तांदळाची टंचाई होईल असं म्हणणं म्हणजे वैनगंगेत पाणी नाही म्हणण्यासारखं. वर एप्रिलपासून रेशनवर माणशी 5 किलो फुकट तांदूळ सुरू झाला. घरोघरी तांदूळ इतका, की बसायला पोती झाली. आणि मिलमध्ये मात्र उलटं. उन्हाळी धान निघायची वेळ आली, मिल जागेवर, वीज जागेवर, धान जागेवर. नाही ते पोतं. बंगालमधल्या ताग गिरण्या टाळेबंदीत बंद पडल्या, त्यामुळे देशभर बारदान्याची ओढाताण झाली. पाठीवर पोती वाहून म्हातारा झालेला माणूस घरी बसला तो पोतंच नाही म्हणून.

किराणा दुकानासमोर चुन्याचे गोल आखले होते, ते आठवतात? एकेका गोलात एकेक माणूस, सहा फुटांवर. आमच्या लोकांनी त्यावर तोडगा काढला. गोलात चपला उभ्या करायच्या आणि आपण सगळ्यांनी कडुनिंबाच्या सावलीत खेटून बसायचं. चपलांनी नियम पाळला!

माझी पुतणी मेलबर्नला असते. तिचा तेव्हा फोन आला होता, की इथं संडासातल्या कागदासाठी दुकानात मारामाऱ्या, एका माणसाला ठरावीक पुडकीच देतात. मी ते कुपाटीवरून सांगितलं तर मावशी इतकी हसली की ठसका लागला. "लोटा धाड मनावं पार्सलनं!" आमच्याकडे काय संपलं होतं? बिस्किटं. पार्लेच्या कंपनीनं नंतर सांगितलं, की मार्च ते मे 2020 मध्ये पार्ले-जी इतका खपला जितका आठ दशकांत खपला नव्हता. त्यातले निदान चार डबे या दोन सांदवाड्यांनी खपवले असणार.

"बिस्कुटाचा सोडा जी," मावशीनं मागे वळून घराकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "खरी टंचाई कायची झालती?"

मला ठाऊक होतं. तरी तिनंच सांगावं म्हणून गप्प बसले.

"खर्ऱ्याची!"

खर्रा म्हणजे सुपारी आणि सुगंधी तंबाखू घोटून केलेला. सुगंधी तंबाखूला राज्यात आधीपासूनच बंदी आहे. म्हणजे कागदोपत्री बंद असून कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणारी वस्तू त्या दिवसांत पहिल्यांदा खरोखरच मिळेना. पानठेले बंद, रस्त्यावर थुंकलं की दंड, आणि सुपारी येते दक्षिणेतून, तिचे ट्रक अडकलेले. काकांनी उभ्या जन्मात नकाशा पाहिला नसेल, पण सुपारी कुठं पिकते आणि कोणत्या रस्त्यानं वडशाला पोचते हे त्या एप्रिलमध्ये त्यांना तोंडपाठ झालं. वीस रुपयांचा खर्रा पन्नासला गेला असं मावशी सांगते. भाजीवाल्याकडे सांबाराची जुडी नेहमीपेक्षा जाड दिसली की बाया ओळखायच्या, आत पुडी आहे.

"आमच्या बुढ्यानं तं अर्धा खर्रा उधार आनला होता. वापस कसा करते जी असा अर्धा खर्रा?"

"मग?"

"मंग काय, सोडला. दीड महिना सोडला. तोंड उघडे, जेवनाले चव आली म्हने. मी देवाले नारय बोलली. पानठेल्याचा फटका उघडला त्या दिवशी पह्यला गिऱ्हाईक कोन? आमचा बुढा! नारय फोडाचा रायलाच."

4 मेला टीव्हीवर दारूच्या दुकानांपुढच्या रांगा दाखवत होते. आमच्या जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी, तेव्हा आम्ही ते शहाण्यासारखे बघत होतो. "आपल्याइकडं रांग नोती," मावशी म्हणाली आणि पुढचं वाक्य गिळून टाकलं. मोहफुलांचा हंगाम नुकताच आटोपला होता, एवढंच मी नोंदवते.

मग बोलणं बहिणीवर आलं, आणि मावशीनं कुपाटीवरचं कोपर काढून घेतलं.

मावशीची धाकटी बहीण आरमोरीकडच्या खेड्यात राहते. धानाचं काम संपलं की तिकडच्या बाया तेलंगणात मिरची तोडायला जातात, खम्मम भागात. मजुरीचे थोडे पैसे, थोडी मिरचीच. त्या मिरचीवर वर्ष निघतं, आणि त्यातली दोन-तीन किलो दरवर्षी मावशीकडे यायची, पुढं एक वाटी माझ्याकडे. 2020 मध्ये ती तिथंच अडकली. गाडी नाही, मालक म्हणाला घरी जा, पोलीस म्हणाले जाऊ नका. किती दिवस चालत आली ते तिनं कधी नीट सांगितलं नाही. गावात आली तर आधी चौदा दिवस शाळेत ठेवलं. मी त्या शाळेत बारा वर्षं शिकवलं आहे. पाचवीच्या वर्गात, मीच रंगवलेल्या पाढ्यांच्या तक्त्याखाली ती निजली होती. "बाईची शारा थंडी आहे म्हने," मावशीनं तेव्हा निरोप दिला होता. खरं आहे, त्या खोलीला कौलं आहेत.

"अन् मिरची?" मी तेव्हा विचारलं होतं. आज आठवलं की लाज वाटते.

"तुमी मिरचीचा इचारला होता जी मले," मावशी म्हणाली. तिच्याही लक्षात होतं. "पायी येनाऱ्यानं जीव आनावा का मिरची?"

थोडा वेळ दोघी शेंगा चाचपत राहिलो.

टाळेबंदीच्या पुढच्या वर्षी तेल भडकलं. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यात पामतेल मलेशिया-इंडोनेशियाचं. मलेशियाच्या बागांमध्ये फळांचे घड तोडायला शेजारच्या देशांतले मजूर लागतात. सीमा बंद, मजूर आले नाहीत, फळं झाडावर राहिली. दर चढायला इतरही कारणं होती, पण हे मी वर्तमानपत्रात वाचून मावशीला सांगितलं, तेव्हा ती कढई घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "मंजे तिकडंबी मिरचीवाल्याच बाया अडकल्या म्हना ना." अर्थशास्त्राच्या पानभर लेखात मला हे इतकं स्वच्छ सापडलं नव्हतं.

त्याच दिवसांत तिनं टोरीच्या तेलात भजी काढली. तिच्या आईच्या घरी सगळं त्यातच व्हायचं. नातवंडांनी नाकं दाबली. मी चार खाल्ली. चव? पहिल्या घासाला नको वाटते, तिसऱ्याला विचारात पाडते.

रस्त्यावरून भोंग्याची गाडी गेली. रात्री कुठल्याशा गावात नाटक होतं, तीन अंकी, संगीत, रात्रभर. मावशी कान देऊन ऐकते, कारण जावई ऑर्गन वाजवतो. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या भागातल्या, नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशातच. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. 2020 ची होळी 9 मार्चला होती, म्हणून तो हंगाम कसाबसा पदरात पडला. पण नोव्हेंबरमध्ये दिवाळी आली आणि ऑफिसांची शटरं खालीच. त्याआधी ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर येऊन गेलेला, ब्रम्हपुरीचा रस्ता बंद, काठची शेतं पाण्याखाली. त्यात नाटक कोण ठरवणार? एक नाटक बंद म्हणजे मंडपवाला, पडदेवाला, लाइटवाला, पत्रकं छापणारा, चहावाला, फुगेवाला, आणि अर्थातच खर्रेवाला, सगळे बंद.

"जावयानं भाजीचा ठेला घेतला. पन त्याले ओरडताच ये ना जी. सात-आठशे मानसाईपुढं वाजवनारा पोरगा, गल्लीत आवाज निंगे ना."

मग त्यानं युक्ती केली. सकाळी आमच्या गल्लीत भैरवीत भेदरं म्हणजे टोमॅटो यायचे आणि त्यामागून सांबार, खालच्या स्वरात. बाया आधी हसल्या, मग त्याच्याकडूनच घेऊ लागल्या. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या जावयानं सगळ्या गल्लीला पेढे वाटले. "पेढ्याचे पैसे मीच देल्ले," मावशी म्हणते. ठेला अजून त्याच्या अंगणात उभा आहे, विकत नाही. हंगाम संपला की लागतो म्हणतो.

"अन् आपला किरानावाला काय कमी होता?" मावशी आता टोपली उचलायच्या बेतात होती, पण हा विषय तिला सोडवत नाही. जनधन खात्यात बायकांचे 500 रुपये आले तेव्हा, लवकर काढले नाहीत तर सरकार परत घेईल अशी आवई उठली होती. मावशी भर उन्हात बँकेपुढे तीन तास उभी राहिली आणि ते पाचशे घेऊन थेट त्याच्या गल्ल्यावर ठेवायला गेली. त्यानं वही उघडली नाही. म्हणाला, राहू द्या मावशी, मिल चालू झाली की बघू. सहा महिने त्यानं तेल, चहापत्ती, साबण, सगळं लिहून ठेवलं. माझी पेन्शन सुरू होती, तरी एटीएम कोरडं पडलं तेव्हा माझंही पान त्या वहीत होतं. नव्या माणसाला मात्र तो उधार देत नसे, तोंड बघून द्यायचा. अलीकडं दुपारी तिकडून गेलं की तो माश्या मारताना दिसतो.

"काल गेलती मी. म्हने, मावशी, गिऱ्हाईकच येत नाही. सारे मोबाइलवर बोलावतेत. ज्याईले मी खाऊ घातला तेच." मावशीनं पदर खोचला. "कोन असतीन जी असे लोकं?"

मी पोपटाच्या शेंगा मोजू लागले.

तेवढ्यात फाटकापाशी मोटारसायकल थांबली. पाठीवर भली मोठी पिशवी घेतलेला पोरगा आत डोकावला.

"मॅडम, पार्सल. ओटीपी सांगा."

ओटीपी सांगितला, हळू आवाजात. खोका चांगला जड होता. मावशीनं कुपाटीवरून मान लांब केली.

"काय बोलावला जी बाई?"

"पुस्तकं आहेत मावशी."

तिनं खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, एक लांब श्वास घेतला.

"वास मस्त येते जी पुस्तकाईले. साबनाच्या चुऱ्यावानी," म्हणाली, आणि टोपली घेऊन वेलाकडे वळली.