पिवळ्या बटणास अनावृत पत्र

श्री. पिवळे बटण,
मुक्काम मोटरीचा डबा, गॅरेजचे छत,
यांस,

आपली थोरवी पुण्या-नाशकाच्या वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून आधी ओळख. इकडे अमेरिकेत गॅरेजचं अवजड दार मोटर उचलते, आणि तिच्या डब्यावर रिमोटची ओळख करून द्यायचं एक बटण असतं. चेंबरलेन कंपनीच्या घराण्यात त्याच्या रंगावरून पिढी ओळखतात. हिरवं, नारिंगी, जांभळं, आणि २०११पासून आपण.

आपले पूर्वज अगदीच भोळे. भिंतीवरच्या बटणाच्या दोन तारा क्षणभर टेकल्या की दार हलायचं. त्यामुळे कुठलाही स्वस्त स्मार्ट कंट्रोलर त्या तारांना जोडावा, दार उघडं की मिटलेलं हे सांगणारा सेन्सर लावावा, झालं काम. आमच्याकडचं जांभळं अजून असंच निमूट चालतं.

आपल्याला असला गावंढळपणा खपत नाही. तारा टेकवा नाहीतर पिळा, आपण ढिम्म. भिंतीवरचं पॅनल आपल्याशी सांकेतिक भाषेत बोलणार, आणि ती भाषा परक्याला येता कामा नये. रिमोटचा कोड दर वेळी बदलतो ते समजू शकतो. हवेतला कोड चोर पकडू शकतो. पण भिंतीतली तार? जो चोर तिच्यापर्यंत पोचला, तो आधीच आत आलेला आहे, महाराज!

मग मालक बिचारा काय करतो? आपल्याच कंपनीचा आणखी एक रिमोट विकत घेतो, तो उघडतो, त्याच्या बटणाला दोन तारा सोल्डर करतो आणि कंट्रोलरकडून ते बटण दाबवून घेतो. तार समोर असताना हातभर अंतरावरून मोटरीला रेडिओने हाक! धन्य ती प्रगती.

आपला आग्रह कंपनीचं मायक्यू अ‍ॅप वापरण्याचा. म्हणजे सोसायटीच्या वॉचमनने खुद्द घरमालकाला फाटकावर अडवून हेड ऑफिसला फोन लावावा, तसं. २०२३च्या अखेरीस तर चेंबरलेनने बाहेरच्या सॉफ्टवेअरना सर्व्हरची वाटच बंद केली, आणि डिसेंबरात ‘होम असिस्टंट’ या स्मार्ट घराच्या सॉफ्टवेअरने मायक्यूची जोडणी काढून टाकली. कंपनीचा खुलासा असा, की असं बाहेरचं सॉफ्टवेअर वापरणारे उपद्व्यापी ग्राहकांत फक्त ०.२ टक्के, पण कधीकधी निम्म्याहून जास्त वर्दळ त्यांची. असेलही. घरातलं दार मिटलंय का, एवढं विचारायला कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जावं लागलं तर वर्दळ होणारच. दोन तारा मोकळ्या ठेवल्या असत्या तर ही मंडळी तिकडे फिरकली तरी असती का?

घराण्याचं वळणच म्हणा. स्कायलिंक नावाच्या दुसऱ्या कंपनीने याच मोटरींना चालणारा रिमोट विकला म्हणून चेंबरलेन कॉपीराइटचा कायदा घेऊन कोर्टात गेली होती. २००४ साली फेडरल सर्किट न्यायालयाने तिला रिकाम्या हाताने परत पाठवलं.

एक मात्र आपल्या बाजूने. घरी नसताना फोनवरून दार खाली आणायचं तर आधी दिवा लुकलुकला पाहिजे, भोंगा वाजला पाहिजे. १९९३पासूनच्या यंत्रांना जमिनीलगत अडथळा ओळखणारे किरणांचे डोळेही त्याच कारणाने लागले. दाराखाली लेकरू सापडू नये. भोंग्याला फाटा देणाऱ्या हौशी कारागिरांचे कान धरायलाच हवेत. पण भोंगा वाजवायला गुप्त भाषा कशाला लागते?

आणि ती गुप्त तरी कुठे राहिली? हौशी मंडळींनी उलगडली. ‘रॅटगडो’ नावाची छोटीशी सर्किटची पाटी तीन तारांनी जोडली, की ती घरच्या वायफायवरून आपल्याशी आपल्याच भाषेत बोलते. आपण लगेच दिवा लावता, दार उघडं की मिटलेलं तेही सांगता. कंपनीच्या सर्व्हरला पत्ताही नसतो. आपल्या या फितुरीबद्दल वरिष्ठांना आम्ही काही कळवणार नाही, निश्चिंत असावे.

आपला,
एक जांभळा बटणवाला
एडिसन, न्यू जर्सी